एक पट्टी उजवीकडे

वाडग्यातलं पाणी दोन बोटं खाली गेलं होतं आणि उरलेल्या पाण्यावर धुळीचा पातळ थर धरला होता — एकाच रात्रीत. मार्च लागला की या गावात माणसांच्या आधी हवेलाच तहान लागते, असं अण्णा म्हणायचे, आणि म्हणताना स्वतःच्याच वाक्यावर खूश व्हायचे. इंद्रायणीनं पियानोची खालची फळी काढून भिंतीला टेकवली होती आणि ती वाडग्यासमोर उकिडवी बसली होती. उठायला हवं होतं. पण उठायचं म्हणजे गुडघे, गुडघे म्हणजे पियानोच्या कडेचा आधार, आणि आधार घेतला की चुकून एखादी पट्टी दाबली जायची, आणि पट्टी वाजली की मग... नको. ती तशीच बसून राहिली.

पियानोच्या पोटात पाण्याचा वाडगा ठेवायचा आणि तो रोज सकाळी भरायचा, कारण कोरड्या हवेत लाकूड तडकतं. नळ पाचव्या दिवशी येतो, भांडीसुद्धा साठवलेल्या पाण्यात घासायची, पण या लाकडी म्हाताऱ्याला तांब्याभर ताजं पाणी हवंच, असा अण्णांचा नियम होता. अण्णा गेले, नियम राहिला. समुद्रकाठी याच्या बरोबर उलटं करतात. तिथं पियानोच्या आत विजेचा दिवा लावून ठेवतात, ओल धरू नये म्हणून, दिवसासुद्धा. तो दिवा तिनं पाहिला होता — पणजीत, सतराव्या वर्षी, स्पर्धेच्या मंचावर. फटीतून पिवळा उजेड येत होता आणि तिला वाटलं होतं, आत कुणीतरी राहतंय.

आज बुद्धप्रियाचा स्पर्धेआधीचा शिकवणीचा शेवटचा तास होता. चारला येईल, सहाला जाईल, सातच्या बसनं वडिलांबरोबर पणजीला निघेल आणि रविवारी सकाळी त्याच... त्याच नसेल, चाळीस वर्षांत मंच बदलतात, पण तशाच एका मंचावर बसून पहिली पट्टी दाबेल. त्याआधी तिला सांगायला हवं होतं. नऊ वर्षं सांगायचं राहिलं होतं. राहिलं कसलं — मी राहू दिलं.

सांगायचं होतं ते एका ओळीचं: आपला पियानो अर्धा स्वर उतरलेला आहे.

बस्स. यात कुणाचा खून नव्हता, कुणाची इस्टेट लाटलेली नव्हती. अण्णांनी — इंद्रायणीच्या वडिलांनी, गावात त्यांना कमलाकर मास्तर म्हणत, नगरपालिकेच्या शाळेत संगीत शिकवायचे — हा पियानो रेल्वेच्या क्लबातल्या लिलावात घेतला तेव्हाच तो उतरलेला होता. पेटी दुरुस्त करणारे शरणप्पा, मूळचे दुधनीचे, त्यांनी वरची फळी उघडून बराच वेळ आत पाहिलं होतं आणि मग अण्णांना सांगितलं होतं, "मास्तर, तारा वर ओढल्या तर तुटतेत बघा. हाय तितंच ऱ्हाऊ द्या. आपल्याआपल्यात बरोबर हाय की." सात-आठ वर्षांची इंद्रायणी दारात उभी राहून ते ऐकत होती आणि तिला त्यातलं काही कळलं नव्हतं. तेव्हापासून शरणप्पा वर्षातून दोनदा येऊन तो आतल्या आत जुळवून द्यायचे, अजून देतात, आता जिना चढताना मध्ये थांबतात एवढंच. आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सगळे स्वर एकमेकांशी इमानदार होते. फक्त सगळेच्या सगळे एक पायरी खाली जाऊन बसले होते. पांढरी एक दाबली की जगातली तिच्या लगतची खालची, पांढरी सात वाजायची. दुसरं वाद्य शेजारी नसलं तर कुणाला कळायचंही नाही, आणि अण्णा आपली पेटी कधी या खोलीत आणत नसत.

चारचौघांच्या कानांना यानं काही फरक पडत नाही. पण काही कान असे असतात की त्यांना स्वर नावासकट ऐकू येतो, रंग दिसावा तसा. हिरव्याला हिरवा म्हणायला कुणी विचार करत नाही. इंद्रायणीचे कान तसे होते, आणि त्यांनी सगळी नावं या एका पियानोकडून शिकून घेतली होती. सगळी चुकीची, आणि चूकही एकसारखी.

फोन वाजला तेव्हा ती अखेर उठली — कडेला हात न लावता, भिंत धरून. धम्मदीपचा फोन होता, बुद्धप्रियाच्या वडिलांचा. विमा कचेरीत कारकून, बोलणं नेहमी घाईत आणि अदबीत. सामान बांधून झालं होतं, गाडीत खायला दशम्या आणि शेंगाची चटणी घेतली होती, त्यांच्या आईनं मॅडमसाठी शेंगापोळ्या केल्या होत्या, त्या पोरगी घेऊन येणार होती. मॅडम आल्या असत्या तर बरं झालं असतं, एक तिकीट अजूनही मिळेल. इंद्रायणीनं गुडघ्यांचं सांगितलं. गुडघे ही मोठी सोय आहे. वयाच्या या टप्प्यावर माणसाला दुसरं कारण शोधावं लागत नाही.

"तिला काय भीतीच न्हाई बघा मॅडम," धम्मदीप म्हणाले. "मॅडमनी शिकवलंय तसं वाजवायचं, बास, म्हणती."

तिनं हो म्हटलं आणि फोन ठेवला. मग कुकर लावला. एकटीपुरता वरणभात, त्याला तीन शिट्ट्या. पहिली शिट्टी झाली आणि कान म्हणाला, काळी चार. लगेच त्यामागून ती दुसरी म्हणाली — कोण दुसरी? तीच, पण सतराव्या वर्षानंतरची — म्हणाली, एक पट्टी वजा कर, डावीकडची घे. पांढरी पाच. दुसरी शिट्टी: काळी चार, वजा एक, पांढरी पाच. रेल्वेचा भोंगा, शाळेची घंटा, शेजारच्या बाळाचं रडणं, बँकेत होती तेव्हा टोकनच्या यंत्राचा टिंग, अण्णांच्या शेवटच्या आजारपणात घरघरणारा ऑक्सिजनचा बाटला... सगळ्यातून एक वजा. कुणी सांगितलेलं नाही, कुणाला ठाऊक नाही, आणि दिवसातून शंभर वेळा. माणसं कशानं थकतात याची कारणं डॉक्टर विचारतात तेव्हा हे सांगायचं कसं? रक्त तपासतात, रक्तात काही सापडत नाही.

जेवून ती आडवी झाली, पण झोप येणार नव्हतीच. उशाशी मोबाईल होता आणि मोबाईलमध्ये तो मेल. तीन आठवड्यांपूर्वी आलेला. निवड झाली असं कळवलं होतं, आणि खाली परीक्षकांचा अभिप्राय: मुलीचा हात फार समंजस आहे, ध्वनिफितीतलं वाद्य मात्र सुमारे अर्धा स्वर उतरलेलं वाटतं, तेव्हा स्पर्धेपूर्वी योग्य पट्टीतल्या वाद्यावर सराव व्हावा. इंद्रायणीनं निवड सांगितली. धम्मदीपनी कचेरीत पेढे वाटले. बाकीची ओळ मेलमध्येच राहिली. उद्या सांगू, सोमवारी सांगू, हात बसला की सांगू... मन किती कुशल कारकून असतं, हवा तो कागद बरोबर खाली सरकवतं.

आणि त्याआधीचं? पोरगी बारा वर्षांची असताना म्हणाली होती, "मॅडम, मोबाईलवर हे सगळं जरा वर वाजतंय." आणि मी काय म्हणाले? मोबाईलवर तसंच येतं. इतकं सहज, की मलाच पटलं. तेव्हापासून तिनं मोबाईलवर ऐकायचंच सोडलं. मॅडम म्हणतात ते खरं. धम्मदीपनी एकदा विचारलं, घरी सरावाला विजेवरचा कीबोर्ड घ्यावा का, तर मी सांगितलं की त्याच्या पट्ट्या हलक्या असतात, हात बिघडतो. तेही खरंच होतं. अर्धं खरं बोलण्यात मी आता तरबेज झाले होते. एकेक खिडकी लावत गेले, आणि पोरगी रोज चार ते सहा या खोलीत, या पियानोपाशी, आठवड्यातून सहा दिवस.

कशासाठी? याचं उत्तर तिला ठाऊक होतं आणि म्हणूनच झोप येत नव्हती.

पोरगी सात वर्षांची असताना आली. सहा महिने झाले असतील, एके संध्याकाळी लाईनीवरून मालगाडी भोंगा देत गेली आणि ती पट्ट्यांवरून मान वर न करता म्हणाली, "काळी चार." इंद्रायणीच्या कानानं त्याच क्षणी तेच म्हटलं होतं. वजाबाकीच्या आधीचं. त्या रात्री ती किती तरी वेळ हसत होती, अंथरुणात, एकटीच. सगळ्या जगात आता दोघी होत्या. या शहरात, या देशात, दुसऱ्या कुणाला तो भोंगा काळी चार ऐकू येत नव्हता — फक्त तिला आणि त्या पोरीला. सांगितलं असतं तर पोरगी सुधारली असती. आणि मग मी पुन्हा एकटी.

पंख्याचा आवाज... पांढरी तीन, वजा एक. नको आता.

पणजीला अण्णा कोट घालून आले होते. उकाड्यात, घामानं भिजून, पण कोट काढला नाही. मुलगी स्पर्धेला आली आहे, बाप साधा दिसता कामा नये. आदल्या संध्याकाळी एका उंच चर्चमध्ये समूहगान होतं. पन्नासेक माणसं, बायांनी पांढरे झगे घातलेले, साथीला एकही वाद्य नाही. इतके आवाज एकदम आणि प्रत्येक जथ्याचा सूर निराळा, तरी एकमेकांत बसणारा, असलं काही तिनं आयुष्यात ऐकलं नव्हतं. पहिली काही मिनिटं तिला कसंसंच होत होतं, सगळं किंचित ताणलेलं, टाचा उंचावून उभं राहिल्यासारखं. तिनं त्याचं खापर बसच्या प्रवासावर फोडलं. गाणं लांब होतं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आणि मग हळूहळू — नेमकं कुठं ते तिला कळलं नाही — सगळं जागेवर आलं. ताण गेला. प्रत्येक स्वर तिच्या घरातला झाला, ओसरीवर येऊन बसला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं अण्णांच्या कोटाची बाही घट्ट धरली. इथं आपण बरोबर आहोत, इथंच आपल्याला यायचं होतं, असं तिला अगदी स्पष्ट वाटलं होतं.

मग ऑर्गन वाजला, पुढच्या भागाची सुरुवात म्हणून, आणि सगळं चर्च दचकलं. गाणाऱ्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. गाणं चालवणारा किडकिडीत माणूस हसला आणि त्यानं रुमालानं कपाळ पुसलं. लोकही हसले. शेजारच्या बाईंनी तिचा चेहरा पाहून समजावून सांगितलं: बिनसाथीचं गाताना असं होतं, बाळ, थकले की सगळे मिळून थोडे थोडे उतरतात, अर्धा स्वर खाली आले बघ, आणि मिळून उतरतात म्हणून कुणालाच कळत नाही.

तिला कळलं. त्या एका वाक्यात तिला सगळं कळलं — शरणप्पा, तारा, हाय तितंच ऱ्हाऊ द्या. रात्रभर ती जागी होती आणि समुद्राचा आवाज येत होता. तेवढ्या एका आवाजाला सूर नव्हता, त्यातून काही वजा करावं लागत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मंचावर पहिलं पान गेलं, दुसरं गेलं. बोटं पट्टी दाबत होती आणि ऐकू येत होती तिच्या उजवीकडची. कान सांगत होता, चुकलीस, एक पट्टी डावीकडे सरक. ती कानाशी भांडत राहिली. तिसऱ्या पानावर, दुसऱ्या ओळीत, हात कानाचं ऐकून डावीकडे गेले.

त्यानंतरचं काही तिनं कधी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही उरलं नाही. उठली, नमस्कार केला, आली. अण्णांना म्हणाली, विसरले. अण्णांनी तिला किनाऱ्यावर नेऊन भेळ घेऊन दिली आणि ते कोटात उभे राहून समुद्राकडे पाहत राहिले. पुन्हा कधी विषय काढला नाही. त्यांना ठाऊक होतं का? पेटी आणि पियानो एका खोलीत येऊ नयेत याची काळजी घेणाऱ्या माणसाला ठाऊक नसेल? की त्यांना वाटलं, पोरीनं सराव कमी केला... त्यांच्या अखेरच्या दिवसांत ती रोज विचारायचं ठरवायची आणि रोज औषधं देऊन उठायची. बँकेतली नोकरी झाली, लग्नाचं राहिलंच, अण्णा गेले, आणि हा प्रश्न काही गेला नाही. तिला अण्णांचा राग होता. हे वाक्य मनातसुद्धा उच्चारायला तिला चाळीस वर्षं लागली आणि उच्चारलं तेव्हा लक्षात आलं की अण्णांनी जे केलं तेच आपण रोज चार ते सहा करतो आहोत.

चार वाजले. बुद्धप्रिया आली ती शेंगापोळ्यांचा डबा घेऊन, दोन वेण्या, कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात तसंच. डबा ओट्यावर ठेवला, हात धुतले, पुसले, आणि बसल्यावर आधी खाली वाकून पाहिलं.

"फळी काढलीय का आज?"

लावायची राहिली, असं इंद्रायणी म्हणाली. पोरीनं मान हलवली आणि वाजवायला घेतलं. स्पर्धेची ठरलेली रचना, संथ, चार पानांची, इंद्रायणीनं पणजीत वाजवलेली तीच. निवडीच्या यादीत तीन होत्या, इंद्रायणीनं हीच घेऊ दिली होती, आणि का ते स्वतःलाही विचारलं नव्हतं. फळी नसल्यानं आवाज मोठा आणि मोकळा येत होता. पोरगी सुंदर वाजवत होती. कौतुकानं सुंदर नव्हे — खरंच. घाई नाही, दाखवायची हौस नाही, एकेक स्वर पुढच्याची वाट बघत उभा. तिसरं पान, दुसरी ओळ. इंद्रायणीनं मांडीवरचा पदर मुठीत धरला. ओळ आली आणि गेली. चौथं पान संपलं.

अजूनही गप्प बसता येईल, तिला वाटलं. कदाचित हिचं नाही होणार तसं. ही माझ्याहून धीट आहे. हिला भीतीच नाही.

"बुद्धप्रिया," ती म्हणाली, "हा पियानो अर्धा स्वर उतरलेला आहे."

पोरीचे हात पट्ट्यांवरच होते. "कधीपासून?"

"पहिल्यापासून. तू यायच्या आधीपासून. मी तुझ्यापेक्षा लहान होते तेव्हापासून."

पोरगी उठली, दप्तरातून मोबाईल काढला, तीच रचना लावली — पहिले चार स्वर — आणि बंद केला. पियानोवर तेच चार स्वर दाबले. मग एक पट्टी उजवीकडे सरकून पुन्हा दाबले. मोबाईल पुन्हा लावला. जुळलं. 

"म्हणजे मोबाईल बरोबर होता."

"हो."

"तुमाला माहीत होतं."

"हो."

इंद्रायणीला वाटलं, आता ही रडेल, किंवा डबा उचलून निघून जाईल. गेली असती तरी चाललं असतं. तसं काही तरी व्हायला हवं होतं. पण पोरीच्या कपाळावर गणित सोडवताना पडते तशी आठी होती. "मग तितं मला सगळं एक घर वर ऐकू येणार," ती हळूहळू म्हणाली. "आणि मला वाटणार, मीच चुकले... आणि हात डावीकडं जाणार की."

मला रात्रभर जागून आणि मंचावर बसून जे कळलं ते हिला उभ्या उभ्या कळलं. इंद्रायणीनं मान हलवली. पोरीनं तिच्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट.

"तुमचे गेले होते का?"

हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. अण्णांनी नाही, कुणीच नाही. तिला वाटलं होतं, कुणी विचारलं तर आपण खूप बोलू.

"तिसऱ्या पानावर," ती म्हणाली. "दुसऱ्या ओळीत."

"आणि तुमाला कुणी सांगितलं नव्हतं."

"नाही."

"तरी तुमी पण मला सांगितलं नाही."

आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर सोपं गेलं असतं. मनात कितीतरी कारणं तयार होती, तारा, शरणप्पा, हात बिघडतो — सगळी रांगेत उभी होती आणि एकही पुढं येईना. "मला एकटीनं ऐकायचा कंटाळा आला होता," इंद्रायणी म्हणाली. हे तिचं तिलाच अनोळखी वाटलं.  पोरीला समजलं नसेल, सोळाव्या वर्षी कशाला समजावं. किंवा समजलं असेल आणि माफ करण्यासारखं वाटलं नसेल. दोन्ही शक्य होतं.

घड्याळात साडेचार होऊन गेले होते. इंद्रायणी पियानोपाशी गेली. "कागद घे," ती म्हणाली, "आणि तिकडं खिडकीत बस. मी सगळं एक पट्टी उजवीकडून वाजवते. म्हणजे इथनं तिथला आवाज येईल. तू माझ्या हातांकडं बघू नकोस. नुसतं कागदाकडं बघ, आणि ऐक."

वाजवायला बसली आणि लक्षात आलं, ही रचना आपण चाळीस वर्षांत शिकवली, सुधारली, तोंडपाठ म्हटली, वाजवली मात्र नाही. पहिल्याच ओळीत तीन ठिकाणी चुकली. डोळे एक वाचत होते आणि बोटांनी त्याच्या पुढची शोधायची होती, दर स्वराला, आता वजा नव्हे, अधिक एक; डोकं दुखायला लागलं. पण आवाज येत होता तो पणजीचा. या खोलीत, या वाडग्यावरून, त्या सकाळचा आवाज. ताणलेला, टाचा उंचावलेला. तिच्या पाठीवर घाम आला. दुसरं पान. बोटं जाड झाली होती, अंगठा दुखत होता, आणि तिला थांबायची फार इच्छा होत होती, थांबण्याची सवय होती तिला. तिसरं पान. पहिली ओळ. पोरगी खिडकीत बसली आहे, तिचं बोट कागदावरून सरकत असेल... दुसरी ओळ. एका ठिकाणी हात थबकला. कोणत्या बाजूला जायचं हे कुणीच सांगेना, ना कान ना डोळे. मग ती दाबली, उजवीकडची, तिच्या पुढची, तिच्या पुढची. ओळ संपली. तिसरी आली. इथून पुढं ती मंचावरून उठून गेली होती, आणि इथून पुढंही रचना होती, दीड पान.

संपल्यावर पोरगी म्हणाली, "परत."

दुसऱ्यांदा चुका कमी झाल्या. तिसऱ्यांदा इंद्रायणीनं डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, पोरीची बोटं गुडघ्यावर हलत होती. मध्येच ती म्हणाली, "डावीकडं ओढतंय. पण मगाच्यापेक्षा कमी." चौथ्यांदा वाजवलं. पाचव्यांदा अंगठा वळेना, तरी वाजवलं. शिकवणं, समजावणं, काही नव्हतं. एक बाई वाजवत होती आणि एक मुलगी ऐकत होती, आणि खिडकीतलं ऊन फरशीवरून उठून भिंतीवर गेलं होतं.

सहाला खाली धम्मदीपच्या स्कूटरचा हॉर्न वाजला. पोरीनं कागद फाईलमध्ये घातले, मोबाईल दप्तरात टाकला. निघताना रोज ती दारात वळून "येते मॅडम" म्हणायची. आज नुसती चपला घालत होती, पट्टा अडकत नव्हता. हॉर्न पुन्हा वाजला.

"काळी चार," ती सवयीनं पुटपुटली. मग थांबली. पट्टा तसाच हातात. "नाही. पांढरी पाच."

आणि वर न बघता जिना उतरून गेली.

इंद्रायणी दाराशी गेली नाही. खालून धम्मदीपचा आवाज आला, मॅडमना सांगितलंस का, पोळ्या दिल्यास का, आणि पोरीचं काहीतरी तुटक उत्तर, आणि स्कूटर गेली. वजा एक. पोरीनं सुरू केलं होतं. चाळीस वर्षं जे कुणाला दाखवलं नाही ते जसंच्या तसं मी तिच्या हाती दिलं होतं, आणि आता जगात खरोखर दोघी झाल्या होत्या; मला हवी होती तशी नव्हे, पण दोघी. याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटत होतंही, स्पष्ट. आणि त्याच्या शेजारी, लाज वाटावी असं, थोडं बरंही वाटत होतं.

रविवारी काय होईल ते तिला ठाऊक नव्हतं. हात डावीकडे जातील किंवा जाणार नाहीत. फोन येईल, कदाचित येणारही नाही. धम्मदीपना पोरगी बसमध्ये सगळं सांगेल, आणि सांगावंच. ती पियानोसमोरच्या स्टुलावर येऊन बसली. वाडग्यातलं पाणी सकाळचं तसंच होतं, भरायचं राहून गेलं होतं. अंगठ्याच्या मुळाशी ठणका लागला होता, खांदे उतरले होते, पाठ ओली होती. तिला फार थकवा आला होता, आणि त्या थकव्यात काहीतरी अनोळखी होतं म्हणून ती त्याच्याकडे लक्ष देऊन बसली — डॉक्टरांना सांगता येत नसलेला तो जुना नव्हता हा. याला कारण होतं. याला वेळ होती. साडेचारला सुरू झाला होता.

लाईनीवरून मालगाडी भोंगा देत गेली. कानानं त्याचं नाव सांगितलं. ती थांबली, पुढच्या पायरीची वाट बघत; गाडीचे डबे मोजता येतील इतका वेळ थांबली, वजाबाकी आली नाही. मग अंगठा चोळत बसली. थकवा होताच, पण तो आजचा होता.